माटोळीतली रिकामी जागा

आमच्या संग्रहालयात एक बटण आहे. ते दाबलं की धनेश ओरडतो. शाळेची सहल आली की प्रत्येक पोराला ते दाबायचंच असतं, आणि संध्याकाळपर्यंत माझं डोकं उठलेलं असतं. धनेशाच्या बाजूला फायबरचा गवा, पुढे काचेत शेकरू, खवल्या मांजर, नागराज, आणि मागे भिंतभर रंगवलेला डोंगर. त्या भिंतीपुढे उभी राहून मी गेली अकरा वर्षं तेच भाषण करतेय. रानात सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, एक गेलं की त्याच्यामागून दुसरं जातं, म्हणून रानातलं काही उगीच तोडायचं नाही, कळलं? पोरं एका सुरात "कळलं" म्हणतात आणि परत बटणाकडे धावतात.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्यासाठीच कोणीतरी ही म्हण करून ठेवली असावी. कारण त्याच दालनाच्या शेवटच्या कपाटात जी वेल आहे ती मी स्वतः मुळासकट उपटून आणलीय, आणि जवळजवळ वर्षभर ते मी माझ्या बाबांपासून लपवून ठेवलं.

माझं माहेर पेडण्यात, सासर पाळीला, खाणींच्या पट्ट्यात. संग्रहालय डिचोलीजवळ, म्हणून नोकरी सोयीची. दोन वर्षांपूर्वी दालनात एक नवा कोपरा करायचं ठरलं. आमच्या मॅडम, म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुख, म्हणाल्या की वाघ-बिबटे सगळीकडेच असतात, इथल्या माणसाला जैवविविधता आपल्या घरातली वाटेल असं काहीतरी सांगा. मी चटकन म्हटलं, "माटोळी ठेवूया." मॅडम खूश झाल्या. मीही झाले. तिथूनच सगळं बिघडलं.

गोव्याबाहेरच्या माणसाला माटोळी सांगावी लागते. चवथीला गणपतीच्या डोक्यावर, छताला एक लाकडी चौकट टांगतात आणि त्या दिवसांत रानात, परसात जे जे धरलेलं असेल ते तिला बांधतात. नारळाची पेंड, सुपारीचा शिपटा, तोरिंजन, चिबूड हे घरचं. कवंडळ, कांगण्या, शेरवड, वाघनखी हे रानचं. बांधायचं ते केवणीच्या सालीच्या दोरानं, आमच्या घरात सुतळी चालत नाही. हल्ली माटोळीच्या स्पर्धा होतात. ज्याच्या माटोळीत जिनसा जास्त त्याचा नंबर. मग चवथीच्या आधी आठ दिवस लोक पिशव्या घेऊन रानं ओरबाडत फिरतात. मला त्यांचा इतका संताप यायचा की भाषणात नाव न घेता मी त्यांना झोडपून काढायची.

बाबा कधी स्पर्धेत उतरले नाहीत. आता त्यांना अठ्ठ्याहत्तर झालीत. थोडी शेती आणि थोडी सुपारी यावर त्यांनी आम्हाला वाढवलं. त्यांच्या माटोळीत प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, आजोबांच्या वेळेपासूनची. आणि अगदी मधोमध, गणपतीच्या बरोबर वर, एक लहानसं फळ असायचं. कवंडळाच्या जातीचं, पण लिंबाएवढं, हिरव्यावर पांढऱ्या रेघा. त्याला आमच्या घरात नाव नव्हतं. बाबा नुसतं "तां" म्हणायचे, म्हणजे "ते". एकदा लहानपणी मी हट्टाला पेटून नाव विचारलं तर म्हणाले, "नाव घेतलां की लोक सोदूक येतत." आई हसली होती. तेव्हा ती होती.

तर त्या वर्षी, चवथीच्या चार दिवस आधी, मी मुद्दाम रजा घेऊन माहेरी गेले आणि बाबांच्या मागे लागले की मला ती वेल दाखवा. आजवर त्यांनी ती ना मला दाखवली होती ना माझ्या भावाला. भाऊ वास्कोला बंदरात नोकरीला, त्याला रानाचं काही पडलेलं नाही. बाबा आधी "कित्याक तुका?" करत राहिले, मग काय वाटलं कोण जाणे, कोयती कमरेला लावली आणि "चल" म्हणाले.

घराच्या वरच्या बाजूला डोंगरात एक झर आहे. तिच्या पल्याड, एका जुन्या किंदळीच्या झाडावर ती वेल चढली होती. बुंध्याशी बाबांनी केवणीचा दोर बांधून तिला गाठ मारलेली. कोणी रान साफ करायला आलं तर गाठ बघून समजावं की ही वेल राखलेली आहे. वर चार फळं होती. बाबांनी त्यातलं एक काढलं, धोतराच्या सोग्यात बांधलं आणि निघाले.

"एकच?" मी विचारलं.

"ह्यां कच्चां. ह्येचां बी रुजाचां नाय. वयली तीन पिकतली, पाखरां खातली, बी खंय तरी पडतलां. म्हणान आपण एकच काडूचां."

"आणि दुसरीकडे कुठे आहे ही वेल?"

"माका म्हायत नाय. माझ्या बापाशीन ही एकच दाखयली."

मी मान डोलावली. ते मागे न बघता उतरायला लागले. मी मात्र वर बघत होते, त्या तीन फळांकडे.

चवथ झाली. मी कामावर आले आणि मॅडमना सांगितलं की अशी एक वेल आहे, जी कोणाच्या पुस्तकात सापडणार नाही. मॅडमनी त्यांचा तक्ता पुढे केला. नमुना पूर्ण हवा: मूळ, खोड, पान, फूल, फळ, बी. अर्धवट नमुन्याला काही अर्थ नसतो, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या जागी त्या बरोबरच होत्या. मी म्हणायला हवं होतं की ती वेल राखलेली आहे. मी म्हटलं, "आणते की. रानात एकच वेल असते का कुठे?" मला तेव्हा फार मोठं वाटत होतं. एवढी वर्षं मी फक्त दुसऱ्यांनी आणलेल्या वस्तूंपुढे उभी राहून बोलत होते. आता माझी स्वतःची वस्तू येणार होती.

दुसऱ्या रविवारी बाबा बाजारात गेले असताना मी मागच्या वाटेनं डोंगर चढले. घरात पाऊलसुद्धा टाकलं नाही. तीनही फळं काढली, पिकायला लागली होती. मग बसून कोयत्यानं माती उकरली. खाली रताळ्यासारखा कंद होता, दर पावसात त्यातूनच ती वेल फुटत असणार. तो अख्खा काढला. दोराची गाठ सोडायचा प्रयत्न केला, पण ती सुटेना. बाबांच्या गाठी कधी कोणाला सुटत नाहीत. मी दोर दोन्ही बाजूंनी कापला आणि गाठ वेलीच्या खोडावर तशीच राहू दिली.

संग्रहालयात फळं भट्टीत वाळवली, औषधात बुडवली, वरून चकचकीत लेप दिला. वेल दाबून वाळवली आणि जाड कागदावर टाके घालून शिवली. गाठ काढून टाकूया म्हटलं तर मॅडम म्हणाल्या, "राहू दे, त्यातून लोकपरंपरा दिसते." फलकावर काय लिहायचं ते मी लिहिलं. स्थानिक नाव: अज्ञात. स्थिती: अतिशय दुर्मीळ. कारण: अधिवासाचा नाश आणि बेसुमार तोडणी. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी त्या कपाटापुढे उभं राहून माझं कौतुक केलं. बाबांना बोलावलं नव्हतं. प्रवास झेपणार नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या आषाढात बाबांचा फोन आला. "बाय, वेल येवक नाय."

मी पोहे परतत होते. मी म्हटलं, "येईल हो, पाऊस उशिरा झालाय."

"नाय गो. मूळच नाय. कोणी तरी खणून व्हेलां."

बरं, आता सांगावं? तोंड उघडलंसुद्धा. पण बाबाच पुढे बोलत सुटले. शेजारच्या दादानं नेली असणार. हा दादा म्हणजे आमच्या बाजूच्या घरातला, बाबांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, स्पर्धेचा भारी नाद. बाबांनी त्याला एकदा झरीच्या वाटेवर पिशवीसकट बघितलं होतं. झालं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे चोर फोनवर होती आणि "हूं, हूं" करत होती. पोहे करपले. नवऱ्यानं विचारलं काय झालं, मी त्याच्यावरच ओरडले.

बाबा तेवढ्यावर थांबले नाहीत. देवळापुढे चार माणसांत त्यांनी दादाला चोर म्हटलं. दादानं रवळनाथाची शपथ घेतली. बाबा म्हणाले, शपथ घेऊन देवाक कित्याक मदी घालतंस. एका विहिरीचं पाणी पिणारी दोन घरं, बोलणं बंद झालं. हे सगळं मला दर दोन दिवसांनी फोनवर कळायचं, आणि प्रत्येक वेळी मी ठरवायची की पुढच्या फोनला सांगेन. माझं हे "पुढच्या फोनला" दीड महिना चाललं. मला स्वतःची किळस यायची. तरी मी सांगितलं नाही, हे खरं आहे आणि ते लपवण्यात आता अर्थ नाही.

चवथीला पंधरा दिवस असताना बाबा संग्रहालयात आले. न सांगता. दोन बसेस बदलून, हातात छत्री, पिशवीत म्हापशाच्या पोदेराकडचे उंडे, म्हणजे गोल पाव. मी सहलीच्या पोरांपुढे भाषणात होते. "एक गेलं की त्याच्यामागून दुसरं..." आणि दारात बाबा. वाक्य तिथेच तुटलं. पोरांच्या बाईंना वाटलं मला चक्कर येतेय.

"तू बोल, बोल," बाबा म्हणाले आणि बाजूला उभे राहिले. बटण बघून त्यांनीही ते दाबलं. धनेश ओरडला. "असो नाय ओरडत तो," असं म्हणून ते हसले. मला अजून तो हसरा चेहरा दिसतो.

पोरं गेल्यावर त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. "तुमच्याकडे शिकलेले लोक येतत. त्यांका इचार, ही वेल आणि खंय आसा काय. एक बी गावला तरी पुरे. चवथ गेली तरी चलात, पुढल्या पावसाक लावीन."

बाबांना फक्त एक बी हवं होतं. मी म्हटलं, विचारते, चहा घ्या आधी, चला कँटीनला. त्यांचा दंडसुद्धा धरला. पण म्हातारा माणूस संग्रहालयात आलाय तर बघून जाणारच. ते एकेक कपाट बघत पुढे निघाले, गव्याला हात लावला, शेकरूपुढे थांबले, आणि मी मागून चालत होते. शेवटच्या कपाटापाशी त्यांनी खिशातून चष्मा काढला.

फळं त्यांनी लगेच ओळखली नसावीत. लेपामुळे ती काचेच्या गोट्यांसारखी दिसतात. मग त्यांची नजर कागदावर गेली, वरून खाली, पानं, खोड, आणि खोडाशी ती गाठ. त्यांनी काचेवर बोट ठेवलं.

"ही गाठ माझी," ते म्हणाले.



मग त्यांनी फलक वाचला. अक्षर अक्षर लावून, ओठ हलवत, शेवटपर्यंत. बेसुमार तोडणी या शब्दांपाशी थांबले, पुन्हा वाचलं.

"ह्यां कोणी लिवलां?"

"मी."

"बरां लिवलंस," बाबा म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. मग त्यांनी फळांकडे बोट केलं. "बी रुजात?"

"नाही बाबा. भट्टीत भाजलीत."

"तीनय?"

"तीनही."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मी त्येका चोर म्हटलां गो," ते म्हणाले. "चार माणसांत." मग उंड्यांची पिशवी माझ्या मेजावर ठेवली आणि निघाले. मी बसस्टॉपपर्यंत मागे धावत गेले, "बाबा, ऐका ना, बाबा" करत. ते बसमध्ये चढले. त्या दिवशी मी स्वच्छतागृहाची कडी लावून खूप रडले आणि नंतर तोंड धुऊन दुसऱ्या सहलीला तेच भाषण दिलं.

सासरचा गणपती दीड दिवसाचा, माहेरचा पाच दिवसांचा. तिसऱ्या दिवशी मी माहेरी गेले. पाय उचलत नव्हता, पण न जाऊन कसं चालणार? संध्याकाळची आरती व्हायची होती, माणसं जमली होती, आणि त्यांत झांजा घेऊन शेजारचा दादा उभा होता. भावानं कानात सांगितलं की बाबा स्वतः त्याच्या घरी गेले होते आणि चूक झाली असं सांगून आले होते. कोणाची चूक, कसली चूक, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी वर बघितलं. माटोळी नेहमीसारखीच भरलेली. मधोमध मात्र केवणीचा एक दोर नुसताच लोंबत होता, खाली फास केलेला, त्यात काही नाही.

दादानंच विचारलं. बहुतेक सलोखा झाला म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून. "बाबा, ती जागा रिकामी ठेवलास? दुसरां काय तरी बांधूचां."

"तां ह्या वर्षी चेडवाक दिलां," बाबा म्हणाले. "तिच्या म्युझियमाक."

बायका कौतुकानं माझ्याकडे वळून बघायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, नशीबवान गो तू. बाबा समईची वात सारत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझी चोरी त्यांनी स्वतःच्या हातानं आंदण करून टाकली होती, आणि मी गप्प राहिले असते तर गोष्ट तिथे संपली असती. पण दादा झांजा घेऊन माझ्यासमोर उभा होता.

"दिलं नाही," मी म्हटलं. "मी न विचारता नेलं. मूळ मी खणलं. दादा, मीच."

आतून भजी तळल्याचा आवाज येत होता. दादानं माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "आणि शपथ मी घेतली." झांजा पाटावर ठेवून तो बाहेर सोप्यावर जाऊन बसला. मला वाटलं बाबा आता तरी ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आरती म्हणा." आरती झाली, झांजांशिवाय.

पाचव्या दिवशी विसर्जनानंतर माटोळी उतरवली. दोर सोडवून बाबांनी सगळ्या वस्तू टोपलीत काढल्या. तो रिकामा फास मात्र त्यांनी घडी करून माझ्या हातात दिला.

"पुढल्या चवथीक ह्यात काय बांधूचां, तां तू हाड," ते म्हणाले. आणायचं काम आता माझं होतं.

कामावर परत आल्यावर मी मॅडमना म्हटलं, फलकावर एक ओळ वाढवूया, की ही वेल आपण या कपाटासाठीच संपवली. मॅडमनी फलक पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे गं, पण लोकांना काय वाटेल?" फलक अजून तसाच आहे. सहलीची पोरं आली की मी तोंडानं सांगते. ती "कळलं" म्हणतात.

वेल गेल्याला आता हे दुसरं वर्ष. पाऊस लागल्यापासून दर रविवारी मी पेडण्याला जाते आणि रानात हिंडते. पहिल्या रविवारी झरीपाशी पोचले तर दादा तिथे उभा होता, हातात काठी. रानातला पानपाला त्याच्याइतका कोणाला ओळखू येत नाही, स्पर्धेनं तेवढं तरी दिलंय. "त्या बाजूक मी बघितलां, हय चल," एवढंच बोलला. तेव्हापासून तो दर रविवारी येतो. माझ्याशी इतर काही बोलत नाही. मी दिलेला चहा घेत नाही. पण येतो.

तशा दिसणाऱ्या वेली सापडतात. आम्ही उपटत नाही, एक पान घेतो फक्त. चवथीला पाच आठवडे राहिलेत. बाबांना हल्ली नीट दिसत नाही, मोतीबिंदू वाढलाय. सोप्यावर बसून ते मी आणलेलं पान बोटांनी चाचपतात, उलटं करून अंगठा फिरवतात, देठ वासाला घेतात. मी बघत असते. दादा पायरीखाली उभा असतो, तोही बघत असतो.

"ही नाय," बाबा म्हणतात आणि पान माझ्या हातात परत देतात.